निवताना

काचेच्या नळीतून आरगॉन वाहतो आहे, आवाज न करता.
आत नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा,
त्यावर साठ नॅनोमीटर कार्बन.
तव्याच्या बुडाची काजळी याच्यापुढे गोधडी.

डरहॅमला साडेतीनलाच दिवे लागतात.
टीझडेल भट्टीचा आकडा बघतो.
मिनिटाला पाच अंश, म्हणतो, घाई नको,
आणि चहात तिसरा चमचा साखर घालतो.

दोनशेला काही होत नाही.
चारशेला हायड्रोजन निघू लागतो,
भाडं थकवून खोली सोडणाऱ्या पोरासारखा, गुपचूप;
मागे उरलेले अणू
मोकळ्या झालेल्या हातांनी
एकमेकांना चाचपतात.
सहाशेला षटकोन. सगळीकडे नाही.
इथे चार, तिथे सात, मधे गोंधळ आहे तसाच.

तापवण्याआधी हिरव्या लेसरखाली
एकच पसरट उंचवटा दिसायचा.
तापवल्यावर दोन टेकड्या, मधे खिंड.
मी वहीत लिहिते: शिस्त वाढली.
खरं तर बिघाडही
आत्ता कुठे मोजता येतो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही,
हे मी टीझडेलला एकदा इंग्रजीत सांगून पाहिलं.
तो म्हणाला, इथे उलटं.
पीळ जातो, सुंभ राहतो.
फक्त निवायच्या आत दार उघडायचं नाही.

सतरा नंबरला मी उघडलं होतं.
तीनशेवर होती भट्टी, आणि फोन वाजत होता.
भाऊ. सांगलीच्या फ्लॅटवरून चार वर्षं अबोला,
त्याची सही, माझी सही.
हातमोजे काढेपर्यंत वाजायचा थांबला.
मी उलट फोन केला नाही.
सूक्ष्मदर्शकाखाली थर उचलला गेलेला,
जुन्या फोनच्या वायरीसारखी वेटोळी
या कडेपासून त्या कडेपर्यंत.

टाकू नकोस, टीझडेल म्हणाला.
माझ्या बापाने हेच खणलं, अठ्ठावीस वर्षं,
टनांनी. शेवटी छातीतही तेच.
तू साठ नॅनोमीटरसाठी रडतेस.
आणि डबीवर त्याच्या तिरक्या अक्षरात
सतरा लिहून ती खिडकीत ठेवली.

तो गेला घरी. आकडा एकशे ऐंशी.
तिकडे दूधवाला येऊन गेला असेल.
दाराला मी हात लावत नाही.
टेबलावर पालथा पडलेला फोन
तेवढा उलटून ठेवते.