पश्चिमेची खिडकी

कागदोपत्री तो ग्विलिम प्रॉसर,
वेल्समधल्या कुठल्याशा डोंगराळ गावचा.
तिथे त्याने बांधली दोन प्रार्थनाघरं, एक गुरांचा बाजार.
मोठ्या शहरांनी काही बोलावलं नाही.
मग बोट, मुंबई, घाट,
आणि पुण्याचं बांधकाम खातं.
इथे पाथरवटांच्या तोंडात
आठ दिवसांत त्याचा पराशर झाला.

मला यादी करायची आहे पराशर साहेबाच्या कामांची.
समितीला सोमवारी हवी. तीन प्रती.

घोरपडीचं चर्च.
खडकीची शाळा, मागची बाजू.
घोड्यांचा हौद, ज्यात आता कुंड्या आहेत.
एका पुलाचा कठडा
(फक्त कठडा; पूल दुसऱ्याचा).
वानवडीचा दवाखाना पाडला, जिना राहिला,
पार्किंगच्या मधोमध;
वॉचमन पाचव्या पायरीवर बसून डबा खातो,
म्हणतो, दगड बारा वाजेपर्यंत गार असतो.
आणखी चार कामं, त्यांतली दोन नुसती आकड्यांत.

छपरं सगळी उभट.
बर्फ घसरून पडावा म्हणून.
पुण्यात बर्फ रसवंतीत असतो.
त्या उतारावरून दीडशे वर्षं
कबुतरं तेवढी घसरतात.

काल गुंडाळ्या सोडवताना
वाळवीने कडा कातरलेल्या कापडावर
घोरपडीची पश्चिम भिंत सापडली,
तिच्यात पानाफुलांची केवढी थोरली खिडकी,
आणि शेजारी मोडीत, बोरूने, एक ओळ:
येथे झड येईल.
सटवाजी पाथरवट, निशाणी छिन्नी,
दस्तुर मोरो गंगाधर.

साहेबाला मोडी येत नव्हती.
खिडकी झाली.
पुढच्या भाद्रपदातल्या हिशेबात
पत्रा, नग एक. खिळे, बासष्ट.

मी बाकीचे नकाशे जमिनीवर पसरले,
चपला काढून, गुडघ्यांवर.
शाळेच्या नकाशावरही तीच ओळ, तीच छिन्नी.
दवाखान्यात खिडकी हातभर झाली.
त्यानंतर ती दिसत नाही,
तिच्या जागी पडवी, प्रत्येक कामात वीतभर खोल.
आणि सातव्या नकाशावर, पश्चिमेच्या कोऱ्या भिंतीत,
पेन्सिलने, शाळकरी बाळबोधीत,
झ उलटा काढलेला:
झड?

खाली उत्तर नाही.
नुसती छिन्नी,
थोडी तिरकी, जणू मान हलवलेली.

समितीच्या तक्त्यात ‘वास्तुविशारद’ असा
एकच रकाना आहे, बोटभर रुंद.
प्रॉसर लिहिलं, खोडलं.
सटवाजी लिहिलं तर तिसऱ्या मजल्यावरून फोन येईल,
आधार काय म्हणून.
मोरो गंगाधरचं तर अक्षरच तेवढं आहे.

शिपाई दिवे घालवायला आला.
आमच्या शाखेलाही पश्चिमेला एक खिडकी आहे,
तिलाही बाहेरून पत्रा.
कोणी मारला, विचारलं,
तर म्हणाला, मी लागलो तेव्हापासून आहे, बाई,
काढू नका,
फायली भिजतील.