वीज गेल्यावर

विरू परत आला तो मार्चमध्ये,
वडगावात मागांची दुसरी पाळी सुरू असताना.
दोन बॅगा, एक जाड लिफाफा,
आणि डावा कान जरा पुढे काढून चालायची नवी सवय,
जणू कुणी बोळातून हाक मारतंय.

दूतावासात तो संदेशांच्या खोलीत बसायचा.
खोलीला खिडकी नव्हती, एवढंच सांगतो.
एका रात्री भिंतीतून काहीतरी आलं म्हणे,
सुईएवढं. आलं ते राहिलं.
सोबतच्या गढवाली पोराला उभं राहता येईना,
वरच्या साहेबांना जिना तिरका दिसू लागला.
तिघांनाही विचारलं गेलं:
घरी काही भांडण? झोप? दारू?

इथल्या दवाखान्यात बाईंनी विचारलं,
'गुंय् अंतैतेन्री?'
'हौद्री,' म्हणाला, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसला.
त्या आवाजाला तिकडे
कुणी साधा शब्दसुद्धा दिला नव्हता.

मग काचेच्या पेटीत बसवलं, कानांवर डबे,
हातात बटण. ऐकू आलं की दाबायचं.
विरू दाबत राहिला.
दाबतच राहिला.
बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या,
'मी अजून काही सुरूच केलेलं नाही.'

लिफाफ्यात फॉर्म आहे. मीच भरते, माझं अक्षर बरं.
नाव: विरूपाक्ष मकोटे.
आजार: रेघ.
कारण: रेघ.
साक्षीदार:
इथं पेन अडतं.

अप्पांना चाळीस वर्षांच्या खटखटीनं काही ऐकू येत नाही.
ओठ वाचतात, मराठी वाचतात, कन्नड वाचतात,
सूतवाल्याची उर्दूही भावापुरती.
त्यांच्या कानांचं कारण साऱ्या गल्लीला पाठ.
फॉर्म मात्र कुणी आणून दिला नाही.

माग चालू असतात तोवर विरू झोपतो,
बीमच्या कडेला, पोत्यावर, तोंड उघडं टाकून.
शहापूरची मावशी म्हणाली, एवढ्या आवाजात?
तिला काय सांगणार.

काल साडेतीनला वीज गेली.
एकेक धोटा जिथल्या तिथं थांबला,
गल्ली एकदम रुंद झाली,
तिसऱ्या गेटची मालगाडी थेट आमच्या उंबऱ्यावरून गेली.
विरू उठून बसला.
अप्पा तुटलेलं सूत जोडत होते, त्यांनी मान वर केली.
'काय ऐकालायस रे?'
विरूनं बोट उचललं: थांबा.
अप्पा थांबले.
सुताचं टोक दातात तसंच धरून,
मान तिरकी करून,
जो कान ढग फुटला तरी हलत नाही तो पुढे करून
ते ऐकत बसले. किती वेळ, मी मोजलं नाही.
मग हळूच मान डोलावली.

साक्षीदाराच्या ओळीत मी अप्पांचं नाव लिहिलंय.
सही ते कन्नडमध्ये करतात.
चालेल ना तिकडे?
कुणाला विचारायचं, हेही फॉर्मवर नाही.