वजनकाटा

फॉर्मवर पहिला रकाना: वय.
येत्या सतराला साठ पूर्ण.
खरं तर एकोणसाठ; पण मये गावच्या शाळेत
हळर्णकर मास्तरांनी एक वर्ष वाढवून लिहिलं,
"पोर रडत नाही, बसू दे," म्हणाले.
मास्तर, ते वर्ष आता परत मागायला आलंय.
नोकरीचं एक वर्ष गेलं,
कंपनीच्या पॉलिसीचं गेलं,
आणि हप्ता एक पायरी वर चढून बसला.

मेल्विन आमच्या शेजारच्या रोझालिनाचा धाकटा.
टाय लावून आलाय, पण चपला दाराबाहेरच काढतो.
"आधीपासूनचे आजार" हे दोन शब्द
इतक्या हळू उच्चारतो,
जणू आतल्या खोलीत कुणी झोपलंय.
"सतराच्या आत भरा, अंकल.
वाढदिवसानंतर स्लॅब बदलतो."
"कुठला वाढदिवस?" कुंदा आतून विचारते.
कागदावरचा, मी म्हणतो. तुझ्या खिरीचा नव्हे.

दोघांचे मिळून एक लाख आठ हजार, वर्षाला.
पेन्शन बसेल दोन हजार नऊशे, महिन्याला.
ही वजाबाकी मला करता येत नाही,
आणि मी एकतीस वर्षं वजाबाकीच केली:
खाणीवरचा ट्रक, आधी रिकामा, मग भरलेला,
उरला तो माल.
खाणी बंद पडल्या तेव्हा काट्यावर भंगार आलं, चिरे आले.
काटा तोच, खुर्ची तीच, मीही तोच.

धूम्रपान? नाही.
मद्य? एप्रिलात दोन ग्लास उर्राक.
मेल्विन लिहितो: नाही.
श्वासाचा काही त्रास?
खोकला आहे. रंगाला रकाना आहे का?
पांढरा रुमाल घेऊन जायचो,
संध्याकाळी कुंदा तो वेगळ्या बादलीत भिजवायची.
बादलीच्या कडेला तांबडा वळ अजून आहे, दाखवू?
मेल्विन म्हणतो, नको अंकल, एक्स-रे चालेल.

मग ती पदराला हात पुसत बाहेर येते.
"माझी साखर लिहू नका.
नऊ वर्षं पोदेराची पोयच खाते ना मी,
कोण बघायला येतंय?"
बिल लागेल तेव्हा येतील, मी म्हणतो,
तेव्हाच येतात.

खोटा आकडा मला माहीत आहे.
एकदाच लिहिला. बोट लागली होती,
पात्रांवचा फोन आला: ट्रकमागे दोन टन कमी.
त्या दिवाळीला घरात कुड्या आल्या.
कुंदा आत्ता कानाला हात लावते,
बोलत नाही.

मी लिहितो: साखर, नऊ वर्षं.
मेल्विन बटणं दाबतो.
आकडा चढतो, भरलेला ट्रक घाटात चढावा तसा, पहिल्या गिअरमध्ये.
"आणि साखरेसाठी तीन वर्षं थांबावं लागेल, आंटी."
"साखरेला सांग," ती म्हणते, "थांब म्हणावं."

वजनाचा रकाना राहिला होता.
दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या स्टँडवर
ते जुनं, दिवे लुकलुकणारं मशीन.
कुंदा पिशवीसकट चढली.
पिशवी खाली ठेव, मी म्हटलं, रिकामं वजन हवंय.
"रिकामी कधी होते मी?" म्हणाली, पण ठेवली.
केळी, वालाच्या शेंगा, माझ्या प्रेशरच्या गोळ्या.

अठ्ठावन्न किलो चारशे.
तिकिटाच्या मागे भविष्य:
दूरचा प्रवास घडेल.
तिने चष्मा वर करून दोनदा वाचलं.
"आणखी एक नाणं द्या," म्हणाली,
"बदलून घेऊ."

मी खिशात सुटे शोधतोय.