तिसरी ब

कोपरखैरण्यातले बार मला
डोळे मिटून सापडायचे.
ही शाळा सापडेना.
सापडली तरी तीन मंगळवार
गेटवरून पुढे गेलो,
इस्त्रीवाल्याला उगाच वेळ विचारत.
चौथ्यांदा वॉचमनच म्हणाला,
'मीटिंग ना? दुसरा मजला. जा, चहा संपेल.'

बाक इतके बुटके
की गुडघे छातीला.
फळ्यावर सातचा पाढा, दुपारचा,
कुणी पुसलेला नाही.
सात एके सात.
माझा आज दुसरा दिवस.

तेवीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात
कांद्याची गोणी पाठीवर घेतली,
इथं नाव उचलवेना.
'मी जोतीराम,' म्हणालो,
आणि पुढचा शब्द
घशात आडवा बसला.
पंखा घरघरत राहिला.
सगळे थांबले,
एसटीच्या शेवटच्या गाडीसाठी थांबतात तसे.

शेजारची बाई, नर्स असावी,
बिस्किटाचा पुडा सरकवत म्हणाली,
'माझा सहाव्या मंगळवारी निघाला.'

घरी दार उघडताना
हौसानं सवयीनं श्वास हुंगला.
मग परत एकदा हुंगला.
'चहा,' म्हणालो मी.
'आणि ग्लुकोजचं बिस्कीट.'
ती दारातच उभी,
कडी हातात धरून.