जमिनीवर

यान आमच्याच माळावर उतरलं, झेझ्काझ्गानच्या पुढे,
आणि दुसऱ्या दिवशी बेइबित
बापाच्या फोनमधली चित्रफीत घेऊन आला.
(बाप मदतपथकाचा ट्रक चालवतो.
फोन शाळेत चालत नाही. मी पाहिलंच नाही.)

तीन माणसं, सहा महिने आकाशात राहून आलेली,
आणि त्यांना खुर्च्यांवर बसवून उचलून नेतायत,
तान्ह्या बाळासारखी मान सांभाळत.

"झौरेशबाई, एवढे शूर, मग चालत का नाहीत?"
आल्मागुल.

मी व्यायामाची बाई. तेवीस वर्षं
या थंडगार हॉलमध्ये शिट्टी फुंकतेय,
उसवलेल्या कातडी घोड्यावरून पोरांना उड्या मारायला लावतेय,
आणि सांगतेय, धावा, दूध प्या, पाकिटातलं खाऊ नका.
ऐकतं कोण.
हाडाची शिक्षिका म्हणतात मला गावात.
हाडांबद्दल मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

म्हटलं, वर वजन नसतं,
आणि हाड फार हिशेबी.
ज्याच्यावर कुणी ओझं टाकत नाही ते हाड म्हणतं,
मग माझं इथे काय काम?
थोडंथोडं झिजतं, रक्तात उतरतं, लघवीवाटे निघून जातं.
(लघवीला हसले. हसू दिलं.)
म्हणून ते रोज दोन तास
पट्ट्यांनी स्वतःला जखडून घेतात
आणि धावतात, कुठेच न पोचता.

"आणि आपण?"

आपल्याला पृथ्वी फुकट ओढते.
रोज. रविवारीसुद्धा.

मग घोड्यावरून उडी म्हणजे उतरणं झालं,
गुडघे वाकवून, आवाज न करता.
मधल्या सुट्टीत आल्मागुलने चिप्सचं फुगलेलं पाकीट
सगळ्यांसमोर फोडलं आणि मोजलं.
अकरा तुकडे. बाकी हवा.
"हे यान रिकामंच उडालं," ती म्हणाली,
आणि अकराही तुकडे खाल्ले.
पण दुसऱ्या दिवशी तिच्या खिशात कुर्त होतं,
दह्याचे वाळवलेले खारट गोळे, दगडासारखे,
जे आमच्या माळावर प्रवासाला निघणारा कुणीही
आधी खिशात टाकतो, मग टोपी शोधतो.

तोक्तार कधी काही विचारत नाही.
त्या आठवड्यात तो मागे रेंगाळला.
बुटाची नाडी सोडत, बांधत.
"बाई, माझे अता आकाशात गेले होते का?"

त्याचे आजोबा तांब्याच्या खाणीत होते.
तीस वर्षं रोज खाली गेले, रोज वर आले.
मग एका हिवाळ्यात दारातल्या बर्फावर पडले, खुबा मोडला,
आणि आता दोन हिवाळे पलंगावर.
"मग त्यांनाही का उचलून नेतात?"

मी हॉलला कुलूप लावत होते. घाईत म्हटलं,
पलंगही तसाच रे. पडून राहणाऱ्याला वजन नसतं.

एवढंच. विसरूनही गेले.

मार्चमध्ये त्याची आई आली.
मला वाटलं, तक्रार.
ती हॉलभर पाहत राहिली, घोड्याकडे, दोरांकडे,
मग म्हणाली, पोरगं रोज संध्याकाळी
आजोबांच्या तळव्याला टॉवेल अडकवतं
आणि म्हणतं, ओढा.
दहापासून उलटं मोजायचं, तेही त्यांनीच.
सातावर शिव्या सुरू होतात, खाणीतल्या,
मुलांच्या कानावर पडू नयेत अशा.
तो थांबत नाही.
उंटिणीचं दूध संपवल्याशिवाय टीव्ही लावत नाही.
मला म्हणतो, आई, खाल्लेलं अंगी लागायला
अंगाने मागावं लागतं.

(हे मी शिकवलं नव्हतं.)

"चालतायत?" मी विचारलं.

"छे."
पिशवीतून कुर्तची पुरचुंडी काढून
तिने माझ्या हजेरीच्या वहीवर ठेवली.
"काल पलंगाच्या कडेला बसले.
दोन्ही पाय खाली टेकवले, स्वतः.
आम्ही सगळे उभे होतो, कुणी बोलेना.
बराच वेळ पायांकडे बघत राहिले.
मग म्हणाले, जमीन गार आहे."