उरलेली लादी

हातखंब्याला बर्फ उतरवून
मिरकरवाड्यात परत यायचं, एवढंच ठरलेलं.
शमशूने इंडिकेटर उलटाच दिला
आणि कुणी काही बोललंच नाही.

पालीत वडे. साखरप्याला डिझेल, माझ्या खिशातून.
आंबा घाट लागला तसं
मागे बसलेल्या विश्रामने, दाज्याने ताडपत्री सोडली.
वितळलेलं पाणी प्रत्येक वळणाला
त्यांच्या चपला घेऊन
ह्या फळीवरून त्या फळीवर.

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकात गार्ड म्हणाला, परवाना?
मग नाक वर करून,
बांगडा काय रे?
कालचा वास, दाज्या म्हणाला.
आज नुसता बर्फ. एक लादी उरलीय.

त्याने एक टवका घेतला, तळहातावर धरला.
"माझा गाव आत होता. चौदा उंबरे.
मलापण वहीत सही करूनच जावं लागतं."
आणि तो बघत राहिला झाडांकडे,
हात रिकामा होईपर्यंत.

आम्ही आत गेलोच नाही.
घाट उतरताना समुद्र शोधला.
शमशू म्हणाला ती रेघ,
विश्राम म्हणाला, छट्, धूर आहे तो.

जेटीवर शेठ उभाच.
कुठे होतात रे एवढा वेळ?
हातखंब्याला, चौघेही एकदम.
विश्रामच्या एका पायात
चप्पल नव्हती.