बाजरीचे दोन दाणे

धुळ्याच्या डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घातला
आणि पडद्यावर माझाच गळा मला दाखवला :
ओला, गुलाबी, नुकत्या जन्मलेल्या कोकरासारखा थरथरणारा,
पट्ट्यांच्या कडेला दोन गाठी,
बाजरीच्या दाण्याएवढ्या.

बावीस वर्षं अमळनेरच्या मार्केट यार्डात
दुसऱ्यांच्या बाजरीचा हर्रास पुकारला.
ही आता माझी स्वतःची.
बोली कुठून सुरू करू?

महिनाभर गप्प राहा, म्हणाले,
मग आवाज लावायला नीट शिका.
राहिलो. पाटीवर लिहून चहा मागितला.
बायको म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच
घरात घड्याळ ऐकू येतंय.

*

द्वारकाबाई शिंपी. शाळेतून निवृत्त, एका कानानं बहिऱ्या.
पुढच्या खोलीत शिलाई मशीन,
मागच्या खोलीत पेटी आणि प्लगला लावायचा तानपुरा,
लाइट गेली की मध्येच मरणारा.
"गानं शिकनं शे, का आवाज?"
मी पाटीवर लिहिलं : आवाज.
"मंग सोपं शे. गानं मांगून येस. नई बी येस."

पहिला महिना नुसता श्वास.
चटईवर उताणा, पोटावर पाण्यानं भरलेला तांब्या;
तांब्या वर यायला हवा, खांदे नाही.
ज्याच्या एका हाळीवर ट्रकभर पोती हलायची
तो हिलाल बडगुजर तांब्या हलवायला शिकत होता.
दोनदा सांडला.
एकदा तर हसू आलं म्हणून.

मग सा. फक्त खालचा सा.
पहाटे पावणेपाचला, तोंडात जांभई धरून,
जबडा सैल, जीभ खालच्या दातांना टेकून निजलेली.
त्या मागे उभ्या राहायच्या, पाठीवर पंजा ठेवून.
चांगल्या कानापेक्षा तो पंजा जास्त ऐकायचा.
"वरतीन येस हाऊ. पोटमाईन काढ.
आनि जोर कसाले करस?
हाऊ धागा शे, दोरखंड नई."

धागा तुटायचा. नवव्या सेकंदाला, अकराव्या.
कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवायचो, भाव लिहावा तसं :
सोमवार नऊ. मंगळवार आठ. पोळ्याला तेरा.
ठेचा खाल्ला त्याच्या दुसऱ्या दिवशी सहा.
दिवाळीला अठरा,
आणि तिथंच अडकलो शिवरात्रीपर्यंत.
ओला कापूससुद्धा इतका पडून राहत नाही कुणाच्या दारात.
सोडतो म्हणालो.
त्यांनी मशीनमध्ये दोरा ओवता ओवता विचारलं,
पेडल थांबलं तर शिवण कोणाची जाते?
मी उत्तर दिलं नाही.
दुसऱ्या दिवशी गेलो.

*

मेमध्ये बोरीचं पात्र पांढरं पडलं,
यार्डातले पत्रे दुपारी कडकड वाजू लागले,
आणि मी परत ढिगापाशी उभा राहिलो.
ओरडायला तोंड उघडलं
तर श्वास आधी पोटात गेला, न विचारता.
"बावीसशे पंचवीस."
व्यापारी म्हणाले, भाऊ, मोठ्यानं.
मी तेवढ्याच आवाजात पुन्हा म्हणालो.
मग तेच दोन पावलं पुढे आले,
एकानं मोबाइल कानावरून काढला,
पलीकडच्या ढिगावरचा हमाल घमेलं धरून तसाच वळला.
पहिल्यांदाच असं झालं की हर्रास संपला
आणि मला पाणी मागावंसं वाटलं नाही.

डॉक्टर म्हणतात, एक दाणा गेला. एक आहे.
असू दे, मापात थोडं इकडंतिकडं चालतंच.

आज पहाटे सा लावलेला असताना लाइट गेली.
तानपुरा मेला. खोलीत अंधार, आणि मी.
पंजा पाठीवर तसाच;
तानपुरा बंद पडल्याचं त्या हाताला कळलंच नाही.
किती सेकंद, मोजले नाहीत.
लाइट आली, तानपुरा पुन्हा बोलू लागला
आणि लक्षात आलं, मी केसभर उतरलो होतो.

केसभरच.
"उद्या," त्या म्हणाल्या, आणि पंजा काढून घेतला.